नसलेल्या गाडीचे सुटे भाग

एक लेखनप्रकार आहे, त्याला मराठीत अजून नाव नाही. गाडीवेडी मंडळी त्याला नुसतं ‘बिल्ड’ म्हणतात. वहीच्या मागच्या पानांवर, फोनच्या नोट्समध्ये किंवा एक्सेल शीटमध्ये तो लिहिला जातो. आधी गाडीचं नाव आणि मॉडेलचं वर्ष. मग इंजिन, एक्झॉस्ट, सस्पेंशन, चाकं, टायर, ब्रेक, सीट, रंग. प्रत्येकापुढे कंपनी, माप आणि किंमत. शेवटी बेरीज. सगळं इतकं तपशीलवार की वाचणाऱ्याला वाटावं, गाडी खाली पार्किंगमध्ये उभी आहे.

ती नसते. लिहिणाऱ्याकडे ती गाडी नसते, बहुतेकदा घ्यायची ऐपतही नसते. काहींनी ती डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नसते.

यावर हसणं सोपं आहे. ‘बाजारात तुरी’ ही अर्धी म्हण उच्चारली की विषय संपतो. मला मात्र हे लेखन गंभीरपणे वाचावंसं वाटतं, कारण त्यात चांगलं-वाईट असतं आणि ते ओळखता येतं. काही बिल्ड वाचताना कंटाळा येतो, काही वाचताना लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो, आणि दोघांकडेही गाडी नसतेच. म्हणजे फरक मालकीमुळे पडत नाही. तो कशामुळे पडतो, हे शोधायचा हा प्रयत्न आहे.

एक गाडी धरू

उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ: माझदा एमएक्स-५, पहिली पिढी. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती जगापुढे आली. दोन सीट, उघडं छत, पुढे १.६ लिटरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना. साधारण ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आत. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली.

ही गाडी निवडायचं कारण असं की जगात सगळ्यात जास्त कागदी बिल्ड जिच्यावर होतात अशा मोजक्या गाड्यांपैकी ती एक आहे. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. ती स्वतःच एका कागदी बिल्डमधून जन्मली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉब हॉल हा अमेरिकन मोटार-पत्रकार माझदाच्या केनिची यामामोटोंना भेटला. पुढे कोणती गाडी काढावी असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने जुन्या ब्रिटिश रोडस्टरसारखी साधी, हलकी, उघडी गाडी आता कुणी बनवत नाही आणि कुणीतरी ती बनवायला हवी, असं सांगितलं. त्याच्याकडे ना कारखाना होता ना ती गाडी. होतं फक्त तिचं नीट वर्णन. पुढे तो माझदाच्याच अमेरिकेतल्या विभागात कामाला लागला, आणि त्या वर्णनाची गाडी व्हायला दहा-एक वर्षं गेली. २०१६मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली.

तेव्हा नसलेल्या गाडीबद्दल तपशिलात बोलणं हा निव्वळ रिकामटेकडेपणा आहे, असं निदान या गाडीच्या बाबतीत तरी म्हणता येत नाही.

यादी

आता या गाडीचा नेहमी दिसणारा बिल्ड वाचू. थोड्याफार फरकाने तो असा असतो: टर्बो, २०० हॉर्सपॉवर. १७ इंची चाकं, २०५/४५ टायर. पुढे मोठे ब्रेक. गाडी जमिनीलगत. बकेट सीट. मॅट रंग.

सहा वाक्यं. ती एकेक करून तपासू.

चाकं आधी घेऊ, कारण तिथे फक्त शाळेतलं गणित लागतं. मूळ टायर १८५/६० आर १४. म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १४ इंच. पूर्ण व्यास येतो सुमारे ५७८ मिमी. बिल्डमधल्या टायरचा व्यास येतो ६१६ मिमी. जवळजवळ पावणेसात टक्के जास्त. याचा अर्थ चाक एका फेरीत जास्त अंतर कापणार, आणि इंजिनाला तेवढाच जास्त जोर लावावा लागणार. या गाडीचा मागचा डिफरन्शियल ४.३ गुणोत्तराचा आहे. नव्या चाकांवर तो ४.०३चा असल्यासारखा वागेल. गाडी मंद वाटेल. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा प्रत्यक्ष वेग १०६ ते १०७ असेल. शिवाय मोठं चाक सहसा जड असतं, आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली, म्हणजे खड्ड्यात सगळ्यात जास्त जाणवणाऱ्या जागी येतं. लिहिणाऱ्याने ‘चाकं’ या रकान्यात काहीतरी लिहिलं, आणि न लिहिताच गिअरिंग, मीटर आणि सस्पेंशन बदलून टाकलं.

टर्बोचं तर विचारूच नका. १.६च्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये आत जाणारी हवा मोजायला झडपेचा मीटर आहे; जास्त हवा कोंबायची तर हवा मोजण्याची आणि पेट्रोल सोडण्याची व्यवस्था बदलावी लागते. मोठे इंजेक्टर, नवा कंट्रोलर आणि त्याचं ट्यूनिंग आलं. इंटरकूलर रेडिएटरसमोर बसला की रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते, म्हणून रेडिएटर मोठा. क्लच नवा. आणि मागचा डिफरन्शियल: १.६मध्ये तो ६ इंची रिंग गिअरचा आहे, वाढलेल्या ताकदीपुढे तो टिकत नाही अशी त्याची ख्याती आहे. १९९४ मॉडेलपासूनच्या १.८ लिटर गाडीतला ७ इंची डिफरन्शियल घ्यावा लागतो, त्याबरोबर त्याचे अ‍ॅक्सल आणि प्रॉपेलर शाफ्टही. ‘टर्बो’ हा एक शब्द उलगडला की दहा ओळी होतात, आणि त्यातल्या नऊ बिल्डमध्ये नसतात.

‘पुढे मोठे ब्रेक’ हेही तसंच. फक्त पुढचे वाढवले की ब्रेकिंगचा तोल पुढे सरकतो आणि मागची चाकं आपल्या वाट्याचं कामच करत नाहीत. १.८ काढताना माझदाने पुढच्या डिस्क २३५वरून २५५ मिमी केल्या, तेव्हा मागच्याही वाढवल्या होत्या.

तेव्हा हा बिल्ड म्हणजे एक यादी आहे. तिच्यातली प्रत्येक वस्तू चांगली आहे, पण एकीला दुसरीची खबर नाही. वाईट कवितेत जशा छान छान प्रतिमा एकमेकींना पाठ करून उभ्या असतात, तसे हे सुटे भाग उभे असतात.

दोन गेम, दोन शाळा

ही यादीची सवय आली कुठून? माझ्या वयाच्या मुलांपुरतं उत्तर मला माहीत आहे: सायबर कॅफेतून.

‘नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंड २’ (२००४) या गेममध्ये मियाटा होती. आपल्याकडे माझदा म्हणजे स्वराज माझदाची मिनीबस, त्यामुळे या नावाची स्पोर्ट्स कार असू शकते हे अनेकांना तिथेच कळलं. त्या गेममध्ये गाडीच्या दिसण्याला तारे मिळत. नवा बंपर लावा, तारे वाढतात. स्पॉयलर, निऑन, स्टिकर लावा, आणखी वाढतात. इंजिनाचे भाग टप्प्याटप्प्याच्या पॅकेजमध्ये मिळत आणि वरचं पॅकेज खालच्यापेक्षा चांगलंच असे. लावलेल्या भागाने काही बिघडलं, असं होतच नसे. त्या जगात प्रत्येक बदल म्हणजे बेरीज.

दुसरी शाळा ‘ग्रॅन टुरिस्मो’ची. १९९७च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये प्लेस्टेशनवर आलेला काझुनोरी यामाउचींचा हा गेम. युनोस रोडस्टर त्याच्या पहिल्याच भागात होती. तिथे गिअरचं गुणोत्तर, स्प्रिंगचा कडकपणा, चाकांचा कोन हे आकड्यांत बदलता येई आणि ते चुकवताही येई. गिअर लांब केले की सरळ रस्त्यावर वेग मिळे आणि वळणातून बाहेर पडताना गाडी मरगळे. ताकद वाढवली आणि बाकी काही केलं नाही, तर गाडी वळणात गोल फिरून भिंतीकडे तोंड करून उभी राही. शिवाय भाग घ्यायला शर्यती जिंकून पैसे कमवावे लागत.

दोन्ही गेममधल्या गाड्या सारख्याच खोट्या. तरी दुसऱ्यात शिकायला मिळालं, कारण तो नाही म्हणू शकत होता. पहिला प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता. कागदाचा स्वभाव पहिल्या गेमसारखा आहे. तुम्ही जे लिहाल ते तो मान्य करतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हे रोज दिसतं: डिझाइन डॉक्युमेंटमध्ये सगळे बाण सगळ्या चौकटींना जोडता येतात, पण कोड लिहायला बसलं की कंपायलर पहिल्या दहा मिनिटांत तुमचं मत विचारात न घेता बोलायला लागतो. कागदी बिल्ड लिहिणाऱ्याला हा कंपायलर स्वतःच व्हावं लागतं.

ड्रॉइंग हॉलमधली गोष्ट

इंजिनिअरिंगला मशीन ड्रॉइंग असतं. आम्ही स्क्रू जॅक काढला, प्लमर ब्लॉक काढला, लेथचा टेलस्टॉक काढला. बाजूने, वरून, कापून. यांपैकी एकही वस्तू आम्ही बनवली नाही. चार वर्षांत आम्ही जितकी यंत्रं कागदावर जोडली तितकी हाताने कधीच जोडली नाहीत, आणि नंतर निम्मा वर्ग सॉफ्टवेअरमध्ये गेला. अख्खी पिढी कागदी यंत्रांवर इंजिनिअर झाली, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण त्या ड्रॉइंगमध्ये एक गोष्ट होती, जी बिल्डच्या यादीत नसते. उजव्या कोपऱ्यात भागांची यादी असे, ती सारखीच. फरक मापांमध्ये होता. भोक २५ मिमीचं असं लिहून भागत नसे; ते किती जास्त झालं तर चालेल तेही लिहावं लागे, आणि त्यात जाणारा शाफ्ट किती कमी झाला तर चालेल तेही. टॉलरन्स. म्हणजे हा कागद ज्याच्या हातात जाईल त्याचं मशीन, त्याचा हात, त्या दिवसाची हवा यांमुळे माप हलणार आहे, हे ड्रॉइंग आधीच कबूल करतं आणि त्यासाठी जागा ठेवतं.

माझ्या मते फरक इथे आहे. चांगला कागदी बिल्ड जगासाठी जागा ठेवतो.

याची कसोटी पाहायची तर रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक पाहावं. १९९६मध्ये हेन्सने ते काढलं. अडीचशे पाउंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असं त्याच्या नावातच वचन आहे. लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी, चौकोनी पोलादी नळ्यांची चासी, आणि इंजिनापासून बऱ्याच भागांसाठी एक जुनी फोर्ड एस्कॉर्ट. वाचणाऱ्यांपैकी सगळ्यांनी काही वेल्डिंग मशीन हातात घेतलं नाही. पुष्कळांसाठी ते रात्री झोपताना वाचायचं पुस्तकच राहिलं. पण ज्यांनी बांधायला घेतलं, त्यांना ड्रॉइंगमधली काही मापं जुळत नसल्याचं कळलं आणि त्यांनी दुरुस्त्या आपसांत वाटल्या. यामुळे पुस्तक खोटं ठरलं नाही. उलट पुढच्या वाचकाच्या हातात जास्त खरा कागद गेला. असं व्हायला कागद आधी चुकता येण्याइतका नेमका असावा लागतो. ‘चासी मजबूत करणे’ असं लिहिलं असतं तर त्यात चूक कुणालाच सापडली नसती.

दुसरा बिल्ड

मग चांगला बिल्ड कसा दिसेल? मी वाचू इच्छितो तसा एक इथे मांडतो. गाडी तीच.

पहिली ओळ भागाची नाही, कामाची: दोन माणसं, पावसाळा संपल्यानंतरचा ताम्हिणी घाट, संध्याकाळी घरी परत.

इंजिन जसं आहे तसं. नवे बेल्ट, नवा वॉटर पंप, नवे होस. *गेलं काय: ऐंशी-नव्वद हॉर्सपॉवर आणि मित्रांमध्ये सांगायचा आकडा.*

चाकं १५ इंची, हलकी, टायर १९५/५०. व्यास ५७६ मिमी, मूळच्याच जवळ. गिअरिंग आणि मीटर दोन्ही जागेवर राहतात. *गेलं काय: जुन्या टायरच्या बाजूचा थोडा मऊपणा; खड्डे जास्त कळणार.*

ब्रेकच्या डिस्क मूळच्या. चांगले पॅड आणि ताजं ब्रेक फ्लुइड, कारण घाट उतरताना भीती उष्णतेची असते. बाकी काम खालच्या गिअरचं. *गेलं काय: चाकाच्या आरांतून दिसणारा लाल कॅलिपर.*

उंची कमी केलेली नाही. कारण गतिरोधक. एसी काढलेला नाही. कारण एप्रिल.

शेवटचा रकाना: एकूण खर्चाचा मोठा हिस्सा अजून माहीत नसलेल्या कामासाठी राखीव. या गाडीच्या छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात, पाणी दाराखालच्या पट्टीत साचतं आणि ती आतून गंजते. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीत हे गृहीतच धरायचं.

पहिल्या बिल्डपेक्षा हा कमी झगमगीत आहे. पण तो वाचताना गाडी दिसते, चालवणारा दिसतो, रस्ताही दिसतो. प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळीला ओळखते. आणि त्याच्याशी भांडता येतं. ‘घाटात १९५ची काय गरज, १८५ ठेव की’ असं कुणी म्हणू शकतो. पहिल्या बिल्डशी काय भांडणार? मॅट रंग आवडला नाही एवढंच.

जो कागदावरच राहणार आहे

इथपर्यंत मी असं बोललो की जणू कागद ही एक पायरी आहे आणि नंतर गाडी येणार आहे. आपल्याकडे ती येणार नाही. माझदाने तिच्या कार भारतात स्वतःच्या नावाने कधी विकल्याच नाहीत. वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून जुनी चालत नाही, म्हणजे १९८९ची गाडी त्या दारातून आत येत नाही. आणि समजा इथलीच एखादी जुनी गाडी घेतली, तरी मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ आहे: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. यामागे रस्त्यावरच्या इतरांची सुरक्षितता आहे, आणि पहिल्यासारखे बिल्ड वाचल्यावर कायद्याची बाजू मला चांगलीच पटते.

पण याचा अर्थ असा की इथल्या मुलाचा बिल्ड हा कशाचाही कच्चा खर्डा नसतो. तो शेवटचाच असतो. ओहायोतल्या मुलाला निदान कुठल्या तरी शनिवारी न सुटणारा गंजका बोल्ट शिकवतो. आपल्याला तो बोल्ट कधीच भेटणार नाही. म्हणून ‘उंटावरून शेळ्या हाकणं’ हा आरोप आपल्याला जास्त लागू होतो, आणि तो अर्धा खराही आहे. वाचून गंजाची माहिती होते. गंज हाताला कळत नाही. ज्याने गाडी उघडली आहे त्याच्यासमोर कागदवाल्याने गप्प बसून ऐकावं, हे मला मान्य आहे.

तरी मी या लेखनाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे. कुठल्याही कार कंपनीची वेबसाइट उघडा. तिथे ‘तुमची गाडी घडवा’ असं बटण असतं. दाबलं की सहा रंग, चार व्हेरिएंट आणि फ्लोअर मॅटचा पर्याय येतो, आणि खाली ईएमआय. यात घडवण्यासारखं काहीच नाही. ती निवड आहे, आणि तीही दुसऱ्याने आधी करून ठेवलेली. माझ्या वयाच्या, नियमित पगार असलेल्या माणसाला यंत्राशी नातं जोडायची आज एवढीच जागा उरली आहे: सनरूफवालं व्हेरिएंट परवडेल की नाही. टायरचा व्यास बदलला तर काय होईल हा प्रश्न त्या स्क्रीनवर विचारताच येत नाही.

वहीच्या मागच्या पानावर येतो. तो विचारायला गाडी लागत नाही, पगार लागत नाही, परवाना लागत नाही. आठवीतला मुलगाही व्यासाचं गणित करू शकतो आणि त्याचं उत्तर कंपनीच्या इंजिनिअरच्या उत्तराइतकंच बरोबर असू शकतं. ज्याच्याकडे वस्तू नाही त्यालाही ती समजून घ्यायचा पूर्ण हक्क आहे, एवढं हे लेखन सिद्ध करतं. पण त्यासाठी समजून घ्यावं लागतं. नुसतं हवंहवंसं मांडलं तर तो बिल्ड आणि कंपनीचं बटण यांत फरक राहत नाही. फक्त बटण जास्त महाग झालेलं असतं.

म्हणून बिल्ड लिहिणाऱ्यांना एकच सूचना. शीटमध्ये भाग, कंपनी, किंमत असे रकाने आहेतच. आणखी एक वाढवा: ‘यामुळे काय गेलं?’ तो रकाना रिकामा असेल तर ती ओळ अजून लिहून झालेली नाही असं समजा.